बारावा रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मिसळ गार होईपर्यंत तू मला फोनमधला तो तक्ता दाखवत होतास. पाच शाळा, अकरा रकाने. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स. आणि वर विचारलंस, "काका, सीबीएसई घेऊ की आयसीएसई?" पोरगी साडेतीन वर्षांची. चपलेचा डावा-उजवा पाय अजून कळत नाही तिला. मी हसलो ते तुला लागलं, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

बोर्डाचं दहावीला बघू. तुझ्या तक्त्यात बारावा रकानाच नाही. शाळा घरापासून किती मिनिटांवर? गाडीने नव्हे, तिच्या पावलांनी.

तू राहतोस नाशकात पाथर्डी फाट्याला आणि तुझं मन बसलंय तिथून लांब गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या बाजूच्या शाळेत. व्हॅनवाला दहा घरं घेत, सिग्नल खात जाणार. 2024 मध्ये सरकारनेच सांगितलं, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. आणि तू ती वाचलेली झोप व्हॅनमध्ये घालवणार?

आम्ही घालवली. सिडकोत राहायचो. आमच्या खात्यातल्या साहेबांची मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाला एका नावाजलेल्या शाळेत जायची, म्हणून आमचाही गेला. सकाळी सव्वासहाला व्हॅन. दप्तर मांडीवर, डोकं खिडकीवर. एका रंगपंचमीला गल्लीतली पोरं खाली नुसता धुडगूस घालत होती आणि हा गॅलरीत उभा. म्हटलं, जा की खाली. म्हणाला, "त्यांना माझं नाव माहीत नाही." सहा वर्षांचा होता. तीन वर्षं त्याच गल्लीत राहत होतो आम्ही.

आता तू म्हणशील, काका, पण तुमचा मुलगा शिकला, पुण्यात चांगला आहे. आहे ना! इंग्रजी फर्डं बोलतो. मी काही त्याचं वाटोळं केलं नाही. पगार बेताचा असून एकदाही फी थकवली नाही, ओव्हरटाइम करून भरली. पण परवा त्याला विचारलं, केजीतलं काय आठवतं रे? म्हणाला, व्हॅनमधला डिझेलचा वास.

जवळची शाळा, बाबा. जवळची!

हे माझं एकट्याचं खूळ नाही. पालघरकडे बोर्डी-कोसबाडच्या भागात बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या बालवाडीत आदिवासी मुलं येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा आला. शिक्षण हक्काच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय. कायदा करणाऱ्यांना अंतर सुचलं आणि आपल्याला सुचतो पोहण्याचा तलाव.

मुलाखतीची तुम्ही दोघांनी जी धास्ती घेतली आहे, तीही सोड. बायकोला म्हणे इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करायला लावलीस. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 13व्या कलमाने बंदी आहे, पहिल्या खेपेला 25 हजारांपर्यंत दंड. नर्सरीची वयं त्या कायद्यातून निसटतात, म्हणून तिथे ही नाटकं चालतात. जी शाळा साडेतीन वर्षांच्या पोरीच्या आईची परीक्षा घेते, ती पुढे पोरीचं काय करेल ते तूच ठरव. फीचं म्हणशील तर जेवढे पैसे द्याल तेवढ्याची पावती घ्या, बस.

जवळची म्हणजे कुठलीही नव्हे, हे तुला सांगायला नको. कारखान्यात आपण माल तपासतो तो मशीनमधून बाहेर पडल्यावर. शाळाही सुटताना बघावी. फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहा. बाई मुलांना नावाने हाक मारतात की "ए, लाइन" म्हणून ओरडतात, ते ऐक. पोरांचे हात मातीने, रंगाने भरलेत का बघ. कपडे सकाळसारखेच कडक असतील तर पुढच्या शाळेकडे वळ. पण तीही जवळचीच बघ, पुन्हा सोमेश्वर गाठू नकोस.

तुझ्या मागच्या गल्लीत एक बालवाडी आहे. तुझ्या तक्त्यात ती नाही, कारण तिचं माहितीपत्रकच नाही. शनिवारी पहिली पाळी आहे ना तुझी? सुटलास की घरी जा, ऊन उतरलं की पोरीला घेऊन तिथपर्यंत चालत जा. कडेवर घ्यायचं नाही. वाटेत कुत्रं दिसेल, ती थांबेल. थांबू दे. घड्याळ लावून किती मिनिटं लागली ते मला रात्री फोन करून सांग.

तुझा,
काका