पगार रास्त असला की काम न्याय्य होतं का?

आर्थिक न्याय म्हणजे उत्पन्नाचं आणि संपत्तीचं वाटप, असं आम्ही शिकलो. सक्ती नाही, मजुरी रास्त आहे; मग काम रटाळ आहे ही तक्रार न्यायाची कशी?
– अर्थशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक तुमच्याच बाजूने आहेत. 1974 मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा: काम रंजक केल्याने उत्पादन वाढत असेल, तर नफ्यासाठी मालक आपणहून ते करील. उत्पादन घटत असेल, तर कामगाराने थोडी कमी मजुरी घ्यावी किंवा गिऱ्हाइकाने जास्त किंमत मोजावी. दोघेही तयार नसतील तर विषय संपला.

हिशेब चोख आहे, पण त्यात एक गृहीत दडलंय: मजुरीतून काही सोडण्याइतकी कामगाराची ऐपत आहे. हातावर पोट असलेल्याला ही अदलाबदल परवडतच नाही. शिवाय काम माणसाला घडवतं, तो परिणाम या हिशेबात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांच्या 1776 च्या ग्रंथातल्या टाचण्यांच्या कारखान्यात 10 माणसं काम वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या काढतात. हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात ते लिहितात, की जन्मभर दोन-चार साध्याच क्रिया करणाऱ्याची बुद्धी बोथट होते. तो भाग वर्गात क्वचितच पोचतो. त्यांनी उपाय सुचवला तो सरकारी खर्चाने शाळांचा. कारखान्यातली कामाची वाटणी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

आणि आपल्या कायद्याकडे पाहा. हाताने मैला उचलायला लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मजुरी कितीही द्या, माणूस कितीही राजी असो. म्हणजे काही कामं पैशाने न्याय्य होत नाहीत, हे आपण आधीच मान्य केलंय.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या न्यायाच्या सिद्धांतात कामाला जागा कुठे?
– प्राध्यापिका, नाशिक

आयुष्य कसंही जगायचं असो, प्रत्येकाला लागतातच अशा गोष्टींना रॉल्स ‘प्राथमिक वस्तू’ म्हणतात. त्या यादीत काम नाही; स्वातंत्र्य, संधी, उत्पन्न आणि स्वाभिमानाचा सामाजिक आधार आहे. काम आत येतं ते या शेवटच्या दारातून. 1971 च्या ग्रंथातच ते म्हणतात, की सुव्यवस्थित समाजात कोणावर बुद्धी मारणारं एकसुरी काम निवडायची पाळी येऊ नये. पुढे 1996 मध्ये, कुठेच काम न मिळालेल्याला शेवटी समाजाने काम द्यावं, हेही त्यांनी आवश्यक मानलं. ते घडवायचं कसं, याचा तपशील मात्र तोकडा आहे.

अर्थपूर्ण कामाच्या हक्कावर तत्त्वज्ञ रिचर्ड आर्नेसन यांचा आक्षेप असा, की चांगलं आयुष्य कशाला म्हणावं हे शासनाने ठरवू नये. कोणाचा जीव भजनात रमतो, नोकरी फक्त पोटासाठी असते. ‘अर्थपूर्ण’ म्हणजे मन रमवणारं, असं धरलं तर आक्षेप बरोबर आहे. म्हणून आमच्या मते कसोटी वेगळी हवी: कामात कसब वापरता येतं का, पद्धत ठरवताना करणाऱ्याला विचारतात का, आणि त्या कामामुळे त्याला हलकं लेखतात का.

रोजगार हमीवर खडी फोडणं या कसोटीला उतरेल?
– ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा

बहुधा नाही. महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला, ही जगावेगळी गोष्ट होती. कामाचा दर्जा हा त्याचा विषयच नव्हता. खडी रस्त्याला लागली तर निदान उपयोग दिसतो. कडेला ढीग पडून राहिला, की मजुरालाही कळतं की आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय. बांधबंदिस्ती, पाझर तलाव यांत फळ दिसतं, तरी मोजमापावर मजुरी असली की घमेलं वाहणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कामं सुचवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आणि खर्चाच्या हिशेबाने किमान निम्मी कामं ग्रामपंचायतीकडे सोपवली. पण सभा कोरमपुरती भरते, यादी आधीच टाइप झालेली असते. घोडं अडतं ते तिथे. तुम्ही सदस्य आहात, तेव्हा यादी सभेआधी वस्तीवर वाचून दाखवा आणि आखणी करताना मजुरांपैकी दोघांना तरी सोबत घ्या.

सर्वांना मूलभूत उत्पन्न दिलं तर?
– वाचक, ठाणे

कामाची अट न घालता प्रत्येकाला ठरावीक रक्कम मिळत राहिली, तर वाईट काम नाकारण्याचं बळ येईल, आणि ते थोडं नाही. ते काम मग कोणी करायचं, हे मात्र ठरत नाही.

मग घाणीचं काम करायचं तरी कोणी?
– निवृत्त कामगार, पुणे

श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच दाखवला. आपल्याकडे काम नव्हे, माणसंच वाटली गेली. तत्त्वज्ञ पॉल गोम्बर्ग यांचा उपाय आहे, की रटाळ काम सर्वांनी थोडं थोडं करावं. शल्यविशारदाने झाडू मारला तर प्रशिक्षण वाया जाईल, हा नेहमीचा आक्षेप. पण त्यासाठी त्याने दिवसभर झाडायची गरज नाही.

तुमच्या शहरातच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून आहे. कचरा तोच. फरक असा, की सभासद घरोघरून शुल्क घेतात, भंगार विकून ते पैसेही ठेवतात आणि संस्थेत त्यांना मत असतं. दुखणं उरतं ते आपल्या दारात: ओलं-सुकं एकाच पिशवीत, सॅनिटरी पॅड उघडे. वर्गीकरण घरातच झालं, पॅड कागदात गुंडाळून खूण करून वेगळे दिले, तर या कामातला सर्वांत किळसवाणा भाग बराच कमी होतो. त्याला तत्त्वज्ञही लागत नाही, कायदाही नाही.