गाड्यांच्या गर्दीतून सायकल सुरक्षित कशी चालवावी?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिसला सायकलने जायला लागलात, दोन दिवस अगदी कडेकडेने गेलात, तरी मागून हॉर्न वाजला की हँडल थरथरतं. मी याच वाटेने गेली 11 वर्षं सायकलने कामाला जाते. म्हणून आधी एकच सांगते, कडेकडेने जाणं सोडा. नवीन माणूस भीतीने कडा धरतो आणि सगळ्यात जास्त धोके त्या कडेलाच असतात.

तिथे काय काय असतं ते उद्या नीट बघा. वाळू, काचा, डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली भेग, गटाराच्या जाळ्या. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने बसवलेल्या असतात, त्यात बारीक टायर सरळ रुततो. शिवाय तुम्ही कडेला दिसलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, जाईल आपली गाडी, आणि तो तुमच्या कोपराला घासून निघून जातो. फुटपाथपासून निदान एक मीटर आत चालवा, आणि सरळ रेषेत चालवा. रस्ता इतका अरुंद झाला की गाडी आणि सायकल शेजारी मावणारच नाहीत, तर तेवढ्या पट्ट्यात सरळ मधोमध या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे तुम्ही त्याला दिसलेल्या आहात. जागा मिळाली की परत डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या.

उभ्या गाड्यांच्या बाबतीत मात्र मी फार हट्टी आहे. माझ्या दुसऱ्याच वर्षी, संध्याकाळची वेळ, कर्वे रस्त्याला डाव्या बाजूला गाड्यांची रांग उभी होती आणि मी त्यांना अगदी लागून चालले होते. एका गाडीचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. ब्रेकपर्यंत बोटं पोहोचायच्या आत दाराची कड हँडलच्या डाव्या मुठीला लागली, पुढचं चाक फिरलं आणि मी उजवीकडे, वाहत्या रस्त्यावर पडले. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले. रिक्षाचं पुढचं चाक माझ्या पिशवीला टेकलेलं होतं. डाव्या करंगळीवरचा व्रण अजून आहे. ताशी 15 किलोमीटर म्हणजे अगदी सावकाश वाटतं, पण त्या वेगालाही सायकल एका सेकंदात 4 मीटरांहून जास्त पुढे जाते, आणि दार उघडायला सेकंदसुद्धा लागत नाही. उभ्या गाड्यांपासून एक पूर्ण उघडलेलं दार आणि वर एक वीत, एवढं अंतर ठेवाच. मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का, ब्रेकलाइट नुकताच विझलाय का, चाकं किंचित वळलेली आहेत का, हे बघायची सवय महिन्याभरात लागते. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. परत बाहेर येताना तुम्ही मागच्याला अचानक उगवल्यासारख्या दिसता.

बस, ट्रक, डंपर सिग्नलला उभे असतील तर त्यांच्या डावीकडच्या फटीतून पुढे जायचा मोह होतो. कितीही उशीर झाला असला तरी जाऊ नका, हे हात जोडून सांगते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याला डाव्या बाजूचं जवळचं फारसं दिसत नाही. आणि लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून, फुटपाथला धरून येतात. तिथे सापडलेल्या माणसाला बाहेर पडायला जागाच उरत नाही. मागे उभ्या राहा.

मागे वळून बघणं वेगळं शिकावं लागतं. एखाद्या मोकळ्या मैदानात पांढऱ्या रेघेवरून चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघा. सुरुवातीला सायकलही उजवीकडे ओढली जाते. ती रेघ सुटेनाशी झाली की मगच मोठ्या रस्त्यावर लेन बदला, आणि त्याआधी हात पूर्ण लांब करून दाखवा. हँडलला उजवीकडे छोटा आरसा लावून घ्या, पण तो असला तरी मान वळवाच. आपल्याकडे दुचाक्या डावीकडूनही घुसतात, त्यामुळे खड्डा चुकवताना एकदम डावीकडे दाबू नका. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर मी आजही सरळ जाऊन पलीकडे थांबते, उतरते आणि सायकल हातात धरून झेब्र्यावरून जाते. दोन मिनिटं जास्त लागतात. आणि फर्ग्युसन रस्ता काय, जंगली महाराज रस्ता काय, एकदिशा रस्त्यावर उलटं जाऊ नका. गल्लीतून बाहेर पडणारा ज्या बाजूने गाड्या येतात तिकडेच बघत असतो.

बाकी सामानाचं थोडक्यात. मागे लाल, पुढे पांढरा दिवा, दोन्ही चार्ज केलेले. हेल्मेट. ओढणी आणि सलवारीचा घेर चेनपासून लांब. पावसात रिमवर रबर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून आधीपासूनच हलके दाबत रिम कोरडी करत राहायची. झेब्र्याचे पट्टे आणि मॅनहोलची झाकणं ओली असताना त्यांच्यावर वळायचं नाही, सरळ पार व्हायचं. डबक्यात खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, तेव्हा ते लांबूनच चुकवा.

येत्या रविवारी सकाळी सहाला याच वाटेने एकदा जाऊन या. घाई नको. बसथांबे कुठे आहेत, गाड्यांची रांग कुठे लागते, कुठल्या जाळीच्या पट्ट्या उभ्या आहेत आणि मेट्रोच्या खांबांपाशी रस्ता कुठे चिंचोळा होतो, तेवढंच बघून ठेवा. सोमवारी दहा मिनिटं लवकर निघा.