फिरताना सारखे फोटो काढले की जागा बघायची राहून जाते का?

तुमचा प्रश्न असा आहे की प्रवासात किंवा रोज येताजाता काही वेगळं दिसलं की तुम्ही मोबाईल काढता, घरचे म्हणतात फोटोंच्या नादात बघायचं राहून जातं, तर हे खरं आहे का, आणि साठलेल्या हजारो फोटोंचं करायचं काय. पहिल्याचं उत्तर नाही. अजिबात खरं नाही. ज्याला बघायचंच नसतं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला तरी तो बघत नाही. दुसऱ्याकडे शेवटी येते, आधी हे, कारण हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमच्या घरात हे वाक्य दादाचं. "देवाने डोळे दिलेत ना, त्यांनी बघ की!" बोलतो प्रेमानेच, पण चारचौघांत बोलतो आणि प्रत्येक सहलीत बोलतो. त्याचं म्हणणं, कॅमेरा मध्ये आला की माणूस तिथे नसतोच, नंतर बघू म्हणतो आणि नंतरही बघत नाही. ऐकायला लगेच पटतं हो, तिथेच तर सगळी गडबड आहे, सगळ्यांच्या माना डोलतात आणि फोटो काढणारा एकटा पडतो.

एकदा आम्ही सगळे ट्रेनने चाललो होतो, दादा, वहिनी, मुलं आणि मी. संध्याकाळची वेळ, एका लहानशा स्टेशनवर गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आणि हलेचना. लोक खाली उतरले, पाय मोकळे करायला लागले. दादा दारातच उभा होता. मी उतरले आणि मला प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक पेंटर दिसला, स्टेशनच्या नावाची पाटी नव्याने रंगवत होता, अर्धं नाव रंगवून झालेलं आणि उरलेल्या अर्ध्याच्या नुसत्या खडूच्या रेघा. "काका, फोटो काढू का?" विचारलं तर मागे न वळताच मान हलवली. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोळा, तो बोळा पाटीला टेकवलेला आणि त्या काठीवर उजवं मनगट ठेवून तो ब्रश ओढत होता. ब्रश एकदा टेकला की वळण पूर्ण होईपर्यंत उचलायचा नाही. मी आधी लांबून एक फोटो काढला, पूर्ण पाटी आणि तो, मग जवळून, मग फक्त मनगट आणि काठी.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ओला ऑइलपेंट समोरून चमकत होता, फोटोत अक्षरांऐवजी पांढरा डाग यायला लागला, म्हणून मी बाजूला सरकले, अगदी पाटीच्या कडेला. तिथून उन्हाची तिरीप पाटीवर आडवी पडत होती आणि त्या उजेडात नव्या रंगाखालून जुन्या अक्षरांच्या कडा वर आलेल्या दिसल्या. म्हणजे तेच नाव, पण आधी कुणीतरी वेगळ्या हाताने लिहिलेलं, जरा रुंद, जरा वर, आणि त्याच्याही खाली आणखी एक. एका पाटीवर तीन पेंटरांचे हात. समोरून उभं राहून कितीही वेळ डोळे लावून बसलं असतं तरी ते दिसलं नसतं. मला दिसलं कारण फोटो नीट येत नव्हता म्हणून मला जागा बदलावी लागली. मी काकांना ते दाखवलं तर त्यांनी पहिल्यांदा वळून बघितलं आणि त्यातला एक हात कुणाचा हे सांगितलं.

गाडीने शिट्टी दिली, दादा दारातून ओरडला, मी धावत चढले. रात्री बर्थवर बसून जेवताना तो समोरच्या अनोळखी कुटुंबाला नेहमीचं सांगायला लागला, ही बघत नाही, नुसते फोटो काढते. मी विचारलं, "दादा, तो माणूस पाटी कशी रंगवत होता?" तर म्हणाला, "कुठली पाटी?" दारात उभा होता तो सगळा वेळ. हात रिकामे, डोळे उघडे, मध्ये कुठलाही कॅमेरा नाही. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर होती.

एवढ्यावर विषय मिटायला हवा होता, पण मिटला नाही. पुढे कधीतरी त्याने फॅमिली ग्रुपवर एक बातमी टाकली, फोटो काढल्याने आठवण कमजोर होते असं संशोधन आलंय, आणि खाली माझं नाव. मग मी ते शोधून वाचलं. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा प्रयोग आहे तो. लोकांना एका संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. बातमी इथे संपते. प्रयोग इथे संपत नाही! त्याच प्रयोगाच्या पुढच्या भागात लोकांना झूम करून वस्तूच्या एकाच भागाचा फोटो काढायला लावला, तर आठवण कमी झाली नाही, आणि फोटोत न आलेला बाकीचा भागसुद्धा त्यांना आठवत होता. शिवाय कशाचा फोटो काढायचा हे लोकांनी ठरवलेलं नव्हतं, ते त्यांना नेमून दिलं होतं. माझ्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. तुम्ही रस्त्यात थांबता ते कुणी सांगितलं म्हणून नाही ना?

हेच अलिक्झांड्रा बाराश या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तपासलं. कॅमेरा दिला आणि काय काढायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांना बघितलेल्या वस्तू जास्त नीट ओळखता आल्या, आणि ज्या वस्तूंचे फोटो काढले नव्हते त्याही. म्हणजे कॅमेरा हातात असला की माणूस शोधत फिरतो, कशाचा काढू आणि कशाचा नको हे ठरवायला बघावंच लागतं. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, त्यावर दादाचा अंगठा आला फक्त.

व्हिव्हियन मायर हे नाव माहीत नसेल तर तिचे फोटो जरूर बघा. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करायची, मुलांना फिरवता फिरवता गळ्यातल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने रस्त्यावरचं रोजचं जग टिपायची. एक लाखाच्या वर निगेटिव्ह निघाल्या तिच्या, त्याही २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला म्हणून लोकांच्या हाती लागल्या, २००९ मध्ये ती गेली. कित्येक रोल तर तिने धुवूनसुद्धा घेतले नव्हते. आता दादाच्या हिशोबाने तिचं सगळं वाया गेलं, काढले आणि बघितलेच नाहीत. पण ते फोटो बघून कुणी म्हणून दाखवावं की ही बाई बघत नव्हती.

आणि 'रोजच्या गोष्टींचे काय फोटो काढायचे' म्हणणाऱ्यांसाठी, माणूस दिसतो असा पहिला फोटो म्हणून जो ओळखला जातो तो फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा खिडकीतून काढलेला आहे. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं होतं त्यामुळे चालती माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं, आणि उमटला कोण तर बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला एक माणूस. राजा नाही, सेनापती नाही.

बरं, कसे काढायचे हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते कारण अर्धे वाद वाईट फोटोंमुळेच होतात. लेन्स पुसा, खरंच, बहुतेकांचे धुरकट फोटो बोटांच्या डागांमुळे येतात. दोन बोटांनी झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा, मोबाईलचा डिजिटल झूम म्हणजे तोच फोटो कापून मोठा करणं. वाइड लेन्सने काढताना माणसांना फोटोच्या कडेला उभं करू नका, चेहरे ताणले जातात. ज्या भागाला महत्त्व आहे तिथे स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली सरकवून थोडा काळोख करा, आकाश पांढरंफटक येणार नाही. चालत्या गाडीतून काढायचा तर लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही, पण मोबाईल काचेवर रेटू नका, काच थरथरते. रुळालगतची झाडं कशीही काढली तरी फरफटलेलीच येणार, लांबचं काढा. आणि एका जागेचे सतरा सारखे फोटो काढण्यापेक्षा एक लांबून, एक जवळून आणि एक फक्त तुम्हाला जे आवडलं त्या तुकड्याचा. हा तिसराच महत्त्वाचा, बहुतेक लोक तोच काढत नाहीत.

माणसांचे काढताना विचारा. कुणाच्या लहान मुलांचे तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच, कितीही गोड फ्रेम असली तरी. नको म्हणाले तर हसून पुढे जायचं.

आता जे दादाच्या बाजूचं आहे तेही सांगायला हवं. त्याच २०१७ च्या अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना ऐकलेलं मात्र कमी आठवलं, कारण लक्ष डोळ्यांकडे वळलेलं असतं. आणि हे मला मान्य करावं लागतं. त्या स्टेशनवर कुणीतरी बाकावर बसून बासरी वाजवत होतं म्हणे, दादा ती धून आजही गुणगुणतो, वहिनीलाही आठवते. मला बासरी होती हेच माहीत नाही. त्यामुळे जिथे कान महत्त्वाचे आहेत, म्हणजे गाणं चालू आहे, कुणी मनापासून काही सांगतंय, पाऊस पडतोय, तिथे मी आता दोन फोटो झाले की मोबाईल बॅगेत टाकते. आणि लाइव्ह कार्यक्रम पूर्णवेळ मोबाईल वर धरून रेकॉर्ड करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, मागच्यांना दिसत नाही, तो वेगळा विषय.

घरच्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही बघत नाही याचा त्यांना त्रास नसतो, तुमच्यासाठी थांबावं लागतं याचा असतो. फक्त तसं सरळ म्हणता येत नाही म्हणून ते बघण्यावर घसरतात. मी दादाला एकदा म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी गाठते, दर वेळी माझ्यासाठी ताटकळू नका, तर त्या दिवसभरात डोळे आणि देव यांचं नाव निघालं नाही. तुम्हीही हे करून बघा. दिवसातला अर्धा तास तुमचा, त्यात तुम्ही एकटे हिंडा आणि हवं ते काढा, बाकी वेळ त्यांच्याबरोबर.

हजारो फोटोंचं म्हणाल तर परतीच्या प्रवासातच डिलीट करायला बसा, घरी पोचल्यावर कुणी करत नाही. एका जागेचे दोनतीन ठेवा. ठेवलेले दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाईलबाहेर, हार्ड डिस्क किंवा क्लाउड काहीही. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो त्यामुळे ग्रुपवर टाकलाय म्हणजे जपलाय असं समजू नका, मूळ फाईल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि वर्षातून थोडे तरी छापून घ्या. त्यात जो तुम्हाला सर्वात जास्त 'फोटो काढू नको' म्हणतो त्याचा, त्याला कळत नसताना काढलेला एक चांगला फोटो छापून त्याच्या हातात द्या. आमच्याकडे तो दादाच्या कपाटाच्या दारावर आतून लावलेला आहे, वहिनीने सांगितलं.