गोधडीचे चौकोन तिरपे मांडले की कडेला लाटा पडतात. कडेच्या रिकाम्या खाचा भरणारे त्रिकोण कसे आणि किती मोठे कापायचे?

तुम्ही लिहिता तसं, तुमचे चौकोन शिवून १० इंचांचे आहेत. कडेचे त्रिकोण तुम्ही चौकोन कर्णावर एकदाच कापून काढले आणि मग कड पसरली. शिलाई चुकलेली नाही, कापणं चुकलं आहे.

चौकोन एकदाच कापला की त्रिकोणाची लांब बाजू उरेब (धाग्याला तिरपी) होते, आणि गोधडीच्या बाहेरच्या कडेला नेमकी तीच येते. उरेब कापड हाताळतानाही वाढतं. म्हणून मोठा चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर कापा. चार त्रिकोण मिळतील आणि प्रत्येकाची लांब बाजू सरळ धाग्यावर राहील. चार कोपऱ्यांचं मात्र उलट आहे. तिथे बाहेर दोन आखूड बाजू येतात, म्हणून तो चौकोन एकदाच कापायचा.

आता मापं. शिवलेल्या चौकोनाची बाजू गुणिले १.४१४ म्हणजे कर्ण. १० इंचांचा कर्ण १४.१४. कडेसाठी कर्णात सव्वा इंच मिळवा: १५.३९, म्हणून साडेपंधरा इंची चौकोन कापा. कोपऱ्यासाठी अर्ध्या कर्णात सात सूत (७/८ इंच) मिळवा: जवळपास ८ इंच. यात पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) धरली आहे. मधले चौकोनही मायेसकट १०.५ इंचच कापलेले हवेत.

एका माणसाच्या गोधडीला आडवे ४ आणि उभे ६ मांडा. त्यांच्या मधल्या खाचांत आणखी १५ बसतात, एकूण ३९. कडेला १६ त्रिकोण लागतात, म्हणजे ४ मोठे चौकोन, आणि कोपऱ्यांना २ लहान. या सहा चौकोनांना ४४ इंच पन्ह्याचं कापड १ मीटर पुरतं, ३६ इंची असेल तर सव्वा मीटर घ्या. आधी धुऊन आटवा. मधले चौकोन जुन्या लुगड्यांचे चालतील, पण उजेडात धरून विरलेला भाग सोडा. कडेचे त्रिकोण नव्या सुती कापडाचेच घ्या असं माझं ठाम मत आहे, कारण ओढाताण सगळी कडेलाच होते. कापण्याआधी पेजेची खळ देऊन इस्त्री केली तर तिरप्या बाजू हलत नाहीत. काटकोन सुताराच्या गुण्याने तपासा.

शिवण्याआधी सगळं छपरीत सतरंजीवर मांडून बघा. ओळी तिरप्या शिवायच्या असतात, एकूण ९: १, ३, ५, ७, ७, ७, ५, ३, १ चौकोनांच्या. बहुतेक टोकांना कडेचा त्रिकोण लागतो. चौथ्या ओळीच्या एका टोकाला आणि सहाव्या ओळीच्या विरुद्ध टोकाला कोपरा येतो. उरलेले दोन कोपरे सगळ्यात शेवटी लावा. पाचव्या ओळीचे दोन त्रिकोण एकमेकांच्या उलट दिशेला बसतात. ते चुकल्यासारखं दिसतं, पण तसंच हवं.

कडेचा त्रिकोण लावताना त्याचा काटकोन चौकोनाच्या कोपऱ्याशी तंतोतंत जुळवा आणि दुसरं टोक बाहेर निघू द्या. दोन्हीकडे सारखं वाटून मध्यावर बसवलात तर पुढची ओळ जुळणारच नाही. बाहेर आलेलं टोक ओळ शिवल्यावर कापा. पायमशीनवर त्रिकोण खाली आणि चौकोन वर ठेवा, म्हणजे खालचे दात तिरपी बाजू सावकाश ओढून घेतात आणि ती ताणली जात नाही. एका ओळीची माया डावीकडे दाबली, तर पुढच्या ओळीची उजवीकडे. मग सांधे एकमेकांत अडकतात, तिथे टाचणी लावा. इस्त्री घासू नका, उचलून ठेवा.

सगळं जुळल्यावर कड सरळ कापताना चौकोनांच्या टोकांबाहेर पाव इंच राहू द्या. टोकाला लागून कापलं तर किनार लावताना प्रत्येक टोक मायेत जाऊन बोथट दिसेल. तयार माप साधारण ५६.५ बाय ८५ इंच यायला हवं. किनारीची लांबी कडेवरून नको, गोधडीच्या मधोमध टेप धरून मोजा आणि तेवढीच पट्टी कापा. कड थोडी वाढली असली तर ती त्या पट्टीत सामावून बसते.