पाळणाघरासाठी कर्ज आणि सबसिडी: सँक्शन लेटर हातात येईपर्यंत टोकन देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. नाशिकला पंचवीस मुलांचं पाळणाघर काढायचंय, तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलाय, मालक टोकनसाठी मागे लागलाय, आणि अर्ज भरून देणाऱ्या माणसाने सांगितलंय की "मॅडम सबसिडी बसते, फाइल टाकून द्या, तोवर जागा तयार करून ठेवा म्हणजे बँकवाले आले की दाखवता येईल". तुम्ही विचारलंय की मुद्रा (छोट्या धंद्यासाठी बिनतारणी कर्जाची सरकारी योजना) बरं की पीएमईजीपी (नव्या धंद्याला सबसिडीसकट कर्ज देणारी केंद्राची योजना). त्याचं उत्तर देतेच, पण आधी ते "तोवर जागा तयार करून ठेवा" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. मला अगदी हेच सांगितलं गेलं होतं आणि त्याची किंमत मी अजून विसरलेली नाही.

मी पिंपरी-चिंचवडला पाळणाघर चालवते. सीए नाही, बँकेतली नाही, नियम दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात तेव्हा अर्ज भरण्याआधी पोर्टलवर ताजं काय आहे ते बघूनच घ्या. शॉप अ‍ॅक्ट, सोसायटीची एनओसी, करंट अकाउंट वगैरे सोडून देते, तेवढं तुम्ही केलंच असेल. फक्त एक, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे दोन-तीन हजार घेणारे लोक आहेत, देऊ नका.

आता पीएमईजीपीची सबसिडी. लोकांना वाटतं कर्ज मंजूर झालं की सबसिडीचे पैसे खात्यात येतात. तसं काही नसतं हो. समजा तुमचा प्रोजेक्ट ८ लाखांचा आहे. बाई म्हणून तुम्ही स्पेशल कॅटेगरीत येता, म्हणजे स्वतःचे ५ टक्के, ४० हजार. उरलेले ७ लाख ६० हजार बँक देते. शहरी भागात तुम्हाला २५ टक्के सबसिडी, म्हणजे २ लाख (गावात असतात तर ३५ टक्के). पण हे २ लाख बँकेने पहिला हप्ता सोडल्यानंतर क्लेम होतात, आणि आले की तुमच्याच नावावर पण तुमच्या हाताबाहेर तीन वर्षं ठेवीत पडून राहतात. तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नसतं, हाच काय तो तीन वर्षांतला फायदा. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का हे बघायला माणूस येतो आणि मग ते कर्जात वळते होतात. म्हणजे सबसिडीच्या भरवशावर रंगकाम, खेळणी, डिपॉझिट असलं काहीही बसवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला आहे. चालू असलेल्या धंद्याला नाही. हे नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे आणि तुम्हाला अर्ज भरून देणारा माणूस हे सांगत नाही.

माझं काय झालं ते सांगते. माझी पीएमईजीपीची फाइल गणपतीच्या आधी बँकेत गेली. शाखेचं नाव लिहीत नाही, उगाच नको. पहिला प्रश्न, "मशिनरी कुठली?" पाळणाघरात मशिनरी काय असणार! फॉर्मेटमध्ये तो रकाना असतो आणि साहेबांना तो भरलेला हवा होता. मग मी आरओ, इन्व्हर्टर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सीसीटीव्ही यांची कोटेशन्स जोडली. लाकडी पाळणे आणि गाद्यांच्या कोटेशनवर कोणीतरी पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, ना कोणी पुसलं ना कोणी प्रश्न विचारला. (टिप म्हणून घ्या: फक्त खेळत्या भांडवलाचा प्रोजेक्ट या योजनेत चालत नाही, थोडा तरी कॅपिटल खर्च, म्हणजे टिकाऊ वस्तूंवरचा खर्च, दिसावा लागतो, तेव्हा ही यादी आधीच नीट बनवा. जमिनीची किंमत प्रोजेक्टमध्ये धरता येत नाही, भाडं धरता येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं.)

मग सुरू झालं तारण. "कोलॅटरल काय देताय?" मी म्हटलं, साहेब, लघुउद्योगाला १० लाखांपर्यंत तारण घ्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे ना, कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणाऱ्या सरकारी गॅरंटी ट्रस्टचं कव्हर असतं ना. "ते कागदावर असतं मॅडम. मिस्टरांची एफडी असेल तर लिन मार्क करून टाका, काम लवकर होईल." लिन म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ती एफडी बँकेकडे अडकलेली. हे कधीच लिहून दिलं नाही, ईमेलवर तर नाहीच. आणि नाही म्हणूनही लिहून दिलं नाही! तो नकार असता तर मी फाइल उचलून दुसरीकडे गेले असते. ते "बघू, पुढच्या आठवड्यात या" हे जे असतं ना, त्यानेच माणूस मरतो. मग मॅनेजरची बदली. नवीन साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

इकडे जागेचं भाडं चालू, कारण बँकेनेच सांगितलं होतं की जागा तयार दाखवा. जून तोंडावर आला, बिल्डिंगमधल्या आणि समोरच्या टॉवरमधल्या आया रोज विचारतायत "कधी सुरू करताय", आणि आमच्या धंद्यात जून गेला की पुढच्या जूनपर्यंत नुसती तुरळक अ‍ॅडमिशनं. मी बांगड्या ठेवून सोनं तारण कर्ज काढलं आणि सुरू केलं. काय करणार होते?

त्यानंतर इन्स्पेक्शनला बँकेचा माणूस आला. दुपारची वेळ, सगळी पोरं झोपलेली. बूट घालून आत येत होता, आमच्याकडे मुलं सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला दारातच अडवून बूट काढायला लावले, एवढंच काय ते त्या दिवशी समाधान. त्याने गाद्या मोजल्या, भिंतीवरचा फीचा तक्ता वाचला, आणि कागदावर लिहिलं की युनिट आधीच कार्यरत आहे. फाइल परत. सबसिडी गेली. ज्या बँकेने जागा तयार ठेवायला लावली त्याच बँकेने जागा तयार आहे म्हणून अपात्र ठरवलं. मी विचारलं तर म्हणाले, "आम्ही जागा दाखवा म्हटलं होतं, सुरू करा नव्हतं म्हटलं." आजही आठवलं की डोकं सणकतं. जाऊ दे.

तर तुमच्यासाठी त्यातून काय घ्यायचं. एक, मालकाला टोकन देऊ नका. त्याच्याकडून साध्या कागदावर संमतीपत्र घ्या की अमुक भाड्याने जागा द्यायला मी तयार आहे, करार कर्ज मंजूर झाल्यावर होईल. प्रोजेक्ट रिपोर्टला तेवढं जोडून बघा, बँक रजिस्टर्ड करारच मागत असेल तर ते त्यांना ईमेलवर मागायला सांगा. दोन, बँकेत दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि तोंडी जे काही मागतील ते घरी येऊन त्यांनाच ईमेल करा, "आज आपण अमुक मागितलंत, कृपया कन्फर्म करावं". निम्म्या मागण्या तिथेच गळून पडतात. तरी दाद दिली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवस वाट बघा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. लोकपाल कर्ज द्यायला लावत नाही, तो बँकेचा निर्णय, पण फाइल दाबून बसलेल्यांना उत्तर मात्र द्यावं लागतं. मी हे केलं नाही कारण मला तेव्हा वाटलं की तक्रार केली तर उरलंसुरलंही जाईल. तुमचं तुम्ही ठरवा.

तिसरं म्हणजे अर्ज करतानाच एक बघा, तुमच्या मिस्टरांनी आधी पीएमईजीपी घेतलंय का. कुटुंबात एकालाच मिळतं, नवरा-बायको एक कुटुंब. आणि सेवा व्यवसायात प्रोजेक्ट ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास असल्याचा दाखला लागतो, तो काढून ठेवा, माझ्या ओळखीच्या एकीचं केवळ शाळेचा दाखला सापडेना म्हणून अडलं होतं.

मुद्रा की पीएमईजीपी? माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे: जून गाठायचा असेल आणि ५ लाखांत भागत असेल तर मुद्राचं किशोर घ्या आणि सबसिडीचा मोह सोडा. किशोर ५० हजार ते ५ लाख, त्यावर १० लाखांपर्यंत तरुण. तारण नाही, धंदा चालू असला तरी मिळतं. सबसिडी नाही, पण वेळ वाचतो, आणि आपल्याकडे वेळ म्हणजे भाडं. मी शेवटी दुसऱ्या बँकेतून किशोरच घेतलं, बांगड्या सोडवल्या. आणि हो, मुद्रा वेळेत फेडलं आणि युनिट नीट चाललं तर पुढे वाढीसाठी पीएमईजीपीमधूनच दुसरं कर्ज मागता येतं, १५ टक्के सबसिडीसकट. दार कायमचं बंद होत नाही. पण तुमच्याकडे वर्षभर थांबायची ऐपत असेल, घरात दुसरा पगार असेल, तर पीएमईजीपी वाईट नाही. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं मात्र, एक मूलही घ्यायचं नाही.

खाली एका सदस्याने सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा निधी) आणि सरकारी पाळणा योजनेचं सुचवलंय. चांगल्या मनाने लिहिलंय, पण पाळणा योजना आता मिशन शक्तीखाली अंगणवाडी-कम-क्रेश म्हणून चालते, तुमच्या-माझ्या खाजगी पाळणाघराला त्यातून काही येत नाही. सीएसआरचे पैसे कंपनी एखाद्या बाईच्या प्रोप्रायटरी धंद्याला देऊच शकत नाही, त्याला नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी (नफ्यासाठी नसलेली) लागते, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो, वर तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. केवळ फंड मिळेल म्हणून ट्रस्ट काढणाऱ्या बायका मी बघितल्यात, नंतर धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षीचे हिशेब आणि विश्वस्त बदलले की द्यायचे चेंज रिपोर्ट करत बसल्यात. ट्रस्टचा पैसा आपला नसतो हे आधी मनाला पटलं तरच त्या वाटेला जा.

कंपन्यांकडे जायचंच तर देणगी मागायला जाऊ नका, सीट विकायला जा. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, स्वतःचं नाही तर दोन-चार कंपन्यांत मिळून, किंवा जवळच्या पाळणाघराशी करार करून. तुम्ही नाशिकला आहात, अंबड आणि सातपूर एमआयडीसी आहे. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीला स्वतःचं पाळणाघर परवडत नाही, कायदा तर पाळायचाय. त्यांच्या एचआरला भेटा, पाच सीट वर्षभरासाठी राखून ठेवते, मूल असो नसो इतके पैसे, असा करार मागा. माझ्याकडे असे दोन करार आहेत आणि मावशींचे पगार बरेचसे त्यातूनच निघतात. बँकेपुढेही असलं पत्र ठेवलं की साहेबांचा सूर बदलतो, हे अनुभवाने सांगते.

पैसे हातात आल्यावरचं थोडं. कर्जाला सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते उशिरा सुरू करायची सवलत, मागा, पण व्याज चालूच असतं हे लक्षात ठेवा. पंचवीस सीट पहिल्या वर्षी भरत नाहीत. रिपोर्टमध्ये पहिल्या महिन्यापासून पंचवीस दाखवू नका, तुम्हीच फसाल, हप्ता त्या आकड्यावर बसवला जातो. मी आता कुणालाही सांगते की पहिले सहा महिने निम्म्याहून कमी धरा. तान्ह्या बाळांची खोली महाग पडते, आयांची २६ आठवड्यांची रजा संपली की सहा महिन्यांची बाळं येतात, दोन-तीन बाळांमागे एक मावशी लागते, त्यांची फी वेगळी आणि जास्त ठेवा, लाजू नका. मे आणि दिवाळीत निम्मी पोरं मामाच्या गावाला आणि आया म्हणतात "आला नाही तर फी कशाची?" सीट राखण्याची फी सुट्टीतही लागेल हे अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर ठळक लिहून सही घ्या, नाहीतर मेचा हप्ता तुम्ही खिशातून भराल, मी भरलाय. पालकांचं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावू नका, एकाच वेळी चार जण बदली होऊन गेले तर परत कुठून द्याल. उशिरा नेण्याचे पैसे लावा, पैशांसाठी नाही, मावशींना साडेसातची बस मिळावी म्हणून.

आणि जो माणूस म्हणतो "सबसिडीच्या दहा टक्के द्या, करून देतो", त्याला चहाही पाजू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत.

तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधला पहिल्या वर्षाच्या जमाखर्चाचा तक्ता इथे टाका, नाव-पत्ता काढून. रविवारी दुपारी बघून सांगते कुठे फुगवलेलं दिसतंय ते.