प्रत्यारोपणात संशोधन करायचंय? सुरुवात धुळ्यातूनच कर

धुळ्यात सर्जरीची रेसिडेन्सी करताना मूत्रपिंड प्रत्यारोपणावर संशोधन कसं जमणार, असं विचारलंस. जमतं रे. शस्त्रक्रिया बघायला पुण्या-मुंबईला जावं लागेल, पण प्रश्न तुझ्या वॉर्डातच आहेत. शहाद्याहून डायलिसिसला येणारा रुग्ण प्रत्यारोपणाच्या यादीपर्यंत का पोचत नाही? एवढा एकच प्रश्न घे. नवखे दहा घेतात आणि एकही तडीस नेत नाहीत.

- नैतिकता समितीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. मी उलटं केलं, वर्ष वाया गेलं.
- संख्याशास्त्रज्ञाला पहिल्याच आठवड्यात भेट.

सगळ्यात जास्त जीव फॉलोअपमध्ये घाल. डिस्चार्जच्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय हे दाखवणारी रक्तातली पातळी) छान दिसतं, पण मूत्रपिंड टिकलं का हे वर्षांनी कळतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्ण येत नाहीत, म्हणून नातेवाइकाचाही नंबर लिहून घे.

इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचा अभ्यास) आणि रोबोटने करायच्या शस्त्रक्रिया नंतर. आधी पोटाच्या साध्या शस्त्रक्रियांत हात बसू दे. १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांमध्ये यशस्वी प्रत्यारोपण करण्याआधी जोसेफ मरे यांनीही प्रयोगशाळेत कुत्र्यांवर तंत्र घोटलं होतं.

प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव, मी वाचतो.