नाशिककडच्या एका छोट्या वाइनरीची नवी व्हाइट आणि नवी रेड नागपुरात मिळाली आहे. चाखताना काय बघावं? पैसे वसूल झाले हे कसं ओळखायचं?

तुमची व्हाइट शेनिन ब्लांची आहे, रेड शिराझची, दोन्ही नुकत्याच बाजारात आल्यात आणि तुमच्या मित्राने "व्हाइट आंबट, रेड कडू" म्हणून निकालही देऊन टाकलाय. मित्राला जरा दम धरायला सांगा. अशाच एका छोट्या उत्पादकाची, याच दोन द्राक्षांची जोडी आम्ही धरमपेठेत एका मित्राकडे उघडली होती. (नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची.) माझं मत सरळ आहे: नवी व्हाइट लगेच प्या, नव्या रेडचा निकाल पहिल्याच संध्याकाळी लावू नका.

पण त्याआधी तापमान. नागपुरात निम्मी वाइन इथेच वाया जाते. रेड रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात, पण ती रूम युरोपातली, थंडीतली. रेडला 16 ते 18 अंश लागतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर लावलेल्या खोलीतही ते मिळत नाहीत. कोमट रेडमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात झोंबतं, बाकी काही कळत नाही. म्हणून रेडची बाटली उघडण्याआधी पाऊण तास फ्रिजमध्ये टाका. व्हाइटचं उलट आहे. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की तिला वासच येत नाही, नुसतं गार पाणी प्याल्यासारखं वाटतं. तिला 8 ते 10 अंशांवर येऊ द्या. उन्हाळ्यात त्यासाठी दहा मिनिटं टेबलावर ठेवली तरी पुरतं.

आता व्हाइट. आमच्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे चमकणारे बारीक खडे बसले होते. एकजण घाबरलाच, "भाऊ, काच तर नाही ना पडली यात?" काच नाही. द्राक्षात टार्टरिक आम्ल असतं, चिंचेत असतं तेच. वाइन गार झाली की त्याचा क्षार खाली बसतो. मोठे कारखाने वाइन आधीच खूप थंड करून ते काढून टाकतात, छोटे बरेचदा तो खटाटोप करत नाहीत. त्याने काहीही बिघडत नाही, शेवटचा घोट तेवढा हळू ओता.

मित्र ज्याला आंबट म्हणतोय तो बहुतेक दोष नसून गुण आहे. नाशिककडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. त्या दिवसांतल्या थंड रात्रींमुळे मण्यात आम्ल टिकतं. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे. आमच्या शेनिनला आधी पेरूचा वास आला, पिकल्या पेरूचा नाही, कडक हिरवटसर पेरूचा, मागाहून थोडा मधासारखा. गिळल्यावर मात्र चव फार टिकली नाही. माझी तक्रार तेवढीच. आंबटपणा बोचरा असेल, नाकाला व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास मारत असेल, तर मात्र मित्राचं खरं आणि बाटली बिघडलेली.

रेडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत तिथेच होते. रेडचा रस सालांसकट आंबवतात, म्हणून रंग आणि तुरटपणा दोन्ही येतात. तुमचा मित्र ज्याला कडू म्हणतोय तो हा तुरटपणा असणार. कडू जिभेला लागतं. तुरटपणाने हिरड्या आणि ओठांच्या आतली बाजू कोरडी पडते. नव्या शिराझमध्ये तो असायचाच. बघायचं एवढंच की तो कोरडेपणा बारीक आहे की खरखरीत, आणि त्याच्यामागे फळ आहे की नाही. आमच्या बाटलीचा पहिला वास नुसता व्हॅनिलाचा होता, म्हणजे ओकच्या लाकडाचा. मला तो अजिबात आवडला नाही. नवे उत्पादक लाकूड जरा जास्तच वापरतात असं माझं मत. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाखली. व्हॅनिला मागे गेला होता, जांभळासारखं काळं फळ आणि कुटलेल्या मिऱ्याचा वास वर आला होता. ही मिऱ्याची झाक म्हणजे शिराझची ओळख. तुम्हीही हे करून बघा. दुसऱ्या दिवशी रेड सुधारली तर तिच्यात दम आहे, पैसे वसूल. नुसती सपक झाली तर पुढच्या खेपेला त्या उत्पादकाची फक्त व्हाइट घ्या.

जेवणाबरोबर घेणार असाल तर एक विनंती, सावजी मटणासोबत ही रेड उघडू नका. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं, वर तुरटपणा, आणि त्या मसाल्यापुढे वाइनची चव उरतच नाही. सांबारवडीबरोबर (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली आपली वडी) शेनिन मात्र झकास जमते. तळणाचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने कापला जातो. रेडला तव्यावरचं साधं, कमी तिखटाचं मटण बरं.

आवडलीच आणि रेडची आणखी एक बाटली वर्षभर ठेवायची असेल, तर माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात नको. नागपूरच्या मे महिन्यात ती तिथे अक्षरशः शिजते आणि फळाऐवजी मुरांब्यासारखा वास यायला लागतो. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा त्यातल्या त्यात बरा. खरं बूच असेल तर आडवी, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालेल. आणि ती बाटली नागपुरातल्याच दुकानातून घ्या. नाशिकहून गाडीच्या डिकीत आणण्यात उन्हाचा त्रास आहेच, शिवाय समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून येतो आणि तिथे दारूबंदी आहे.